कळण्याची भाकर आणि पोटातली भट्टी

आपल्या समाजात एक समज घट्ट बसलेला आहे. भाकर म्हणजे गरिबी आणि पोळी म्हणजे सुधारणा. खानदेशात तर घरी पाहुणा आला आणि त्याच्या ताटात ज्वारीची भाकर पडली, की घरची बाई ओशाळते. "आज गहू दळायला टाकला नव्हता हो," असे दोनदा सांगते. हा समज मूर्खपणातून आलेला नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली आमची माय आजही सांगते, की रोजगाराच्या कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला परदेशातून आलेली लाल मिलो मिळायची. त्या मिलोची भाकर घशाखाली उतरत नसे. गव्हाची पोळी फक्त सणाला. ज्यांनी असे दिवस काढले त्यांना रोज पोळी मिळणे हा विजयच वाटणार. त्यांना कोणी हसू नये. पण आता प्रश्न निराळा आहे, आणि त्याचा हिशेब मांडण्याची वेळ आली आहे.

आम्ही डॉक्टर नाही. बी.कॉम. होऊन कारकुनी करणारा माणूस. दिवसभर खुर्ची, संध्याकाळी वस्तीतली कामे. पण आकडे जुळवण्याची सवय आहे, आणि शिबिराला येणाऱ्या डॉक्टरांना प्रश्न विचारायला आम्ही लाजत नाही. पुढे लिहितो आहोत ते वाचून, विचारून आणि ताडून पाहून.

दरवर्षी जयंतीच्या आठवड्यात आमच्या वस्तीतल्या विहारात आरोग्य शिबिर होते. शुगर, बी.पी. आणि वजन पाहतात. अलीकडे आम्ही शिंप्याची टेप ठेवून कंबरही मोजून घेतो. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि बाईची ८० च्या आत असावी, असे आपल्याकडचे माप आहे. रांगेत उभ्या असलेल्या बायांपैकी फार थोड्यांची कंबर त्या मापात बसली. पुरुषांनी हसून वेळ मारून नेली, कारण त्यांचीही बसत नव्हती. आश्चर्य याचे, की हातापायाने काटकुळ्या, वजनकाट्यावर 'नॉर्मल' निघालेल्या काही जणांनाही शुगर निघाली.

याचे कारण पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी फार पूर्वी दाखवून दिले आहे. २००४ साली त्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत स्वतःचा आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांचा जोडफोटो छापला. दोघांची उंची-वजनाची गुणोत्तरे एकच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे आपली माणसे दिसायला बारीक आणि आतून चरबीची. ही चरबी पोटाभोवती साठते आणि इन्सुलिनचे काम बिघडवते. २०२३ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे आले. देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह, आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर. पोटाचा लठ्ठपणा सुमारे ३९.५ टक्के प्रौढांत. हा आता शेठ-सावकारांचा रोग राहिलेला नाही. बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाने किती छळले हे आपण चरित्रांतून वाचतोच. त्यांच्या काळी आजइतकी औषधेही नव्हती.

आता धुळ्याच्या आमच्या ताईची गोष्ट. ताई एका वसतिगृहात स्वयंपाकाचे काम करते. तिची शुगर निघाली तेव्हा सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. पण गल्लीतल्या एका बाईने तिला सकाळच्या 'क्लबात' नेले. तिथे डब्यातली पावडर पाण्यात घोळून पाजतात, टाळ्या वाजवतात, कोणाचे किती किलो उतरले ते फळ्यावर लिहितात. महिन्याला तीन-साडेतीन हजार रुपये. ताईचा पगार किती, हे इथे लिहिण्याची गरज नाही. त्यातला मोठा हिस्सा डब्यात जाऊ लागला, एवढे पुरे. वरून तिला सांगितले गेले, की "गोळ्या हळूहळू बंद करा, यात फायबर आहे." आम्ही धुळ्याला गेलो तेव्हा तो डबा हातात घेऊन मागची बारीक अक्षरे वाचली. फायबर होते, पण किती? दिवसाच्या मात्रेला काही मोजके ग्रॅम. तेवढे तर ताईच्या घरातल्या उडदाच्या मूठभर दाण्यांत होते. तेव्हापासून हे 'फायबर' म्हणजे नेमके काय, याच्या आम्ही मागे लागलो.

फायबर म्हणजे आपल्या बोलीत चोथा. पुस्तकात तंतुमय पदार्थ. धान्याची साल, डाळीचे टरफल, भाजीच्या शिरा, फळाचा गर यांतला असा भाग, जो आपल्या लहान आतड्यात पचत नाही. पूर्वी समजत, की चोथा म्हणजे नुसता झाडू. पोट साफ करतो आणि निघून जातो. युगांडात अनेक वर्षे काम केलेले शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी १९७० च्या दशकात चोथ्याची बाजू जगापुढे मांडली. भरपूर चोथा खाणाऱ्या आफ्रिकी खेड्यांत बद्धकोष्ठ आणि आतड्याचे अनेक आजार कमी दिसतात, असे त्यांचे सांगणे होते. पण झाडूपलीकडचे काम नंतर उमगत गेले.

चोथ्यात दोन जाती आहेत. एक लाकडासारखी, जी जशीच्या तशी बाहेर पडते आणि मळाला आकार देते. दुसरी आंबणारी. ही मोठ्या आतड्यात पोहोचली, की तिथले अब्जावधी जिवाणू तिच्यावर तुटून पडतात आणि तिला आंबवतात. ज्यांच्या घरी ढोर आहे त्यांना हे लगेच कळेल. गाय कडबा खाते, पण कडबा गाय पचवत नाही. तिच्या पोटाच्या मोठ्या कोठीत जिवाणू कडबा आंबवतात आणि त्यातून निघणाऱ्या आम्लांवर गाय जगते. आपली कोठी लहान आहे आणि शेवटी आहे, एवढाच फरक. गाईला बहुतेक शक्ती तिथून मिळते, आपल्याला दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी.

या भट्टीतून मुख्यतः तीन आम्ले निघतात. ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य अन्न. त्यांची सुमारे सत्तर टक्के शक्ती त्यातून येते. प्रोपिओनेट यकृताकडे जाते. ही आम्ले आतड्याच्या भिंतीतल्या काही पेशींना खुणावतात आणि त्या पेशी जीएलपी-१ आणि पीवायवाय नावाची संप्रेरके सोडतात. ती मेंदूला सांगतात, पोट भरले. जठर हळू रिकामे होते, आणि जीएलपी-१ मुळे इन्सुलिन वेळेवर सुटते. वजन उतरवण्याची जी महागडी इंजेक्शने २०२५ साली आपल्या देशात गाजली, ती याच जीएलपी-१ ची नक्कल करतात. म्हणून कोणी लगेच म्हणू नये, की भाकर खा आणि इंजेक्शनाइतका गुण घे. औषधाचा जोर कितीतरी पट जास्त. भट्टीचा जोर मंद, पण रोजचा.

टोरांटोचे डॉ. डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या दशकात एक मजेशीर गोष्ट दाखवली. हळू पचणारे, डाळी-कडधान्याचे जेवण घेतले, तर त्याचा फायदा पुढच्या जेवणापर्यंत पोहोचतो. रात्री असे जेवल्यास दुसऱ्या दिवशी सकाळच्या खाण्यानंतर साखर तुलनेने कमी चढते. रात्रभर चाललेल्या भट्टीचा त्यात वाटा असावा, असे मानतात.

दुसरा एक प्रयोग आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. तो अमेरिकेतल्या काळ्या बांधवांवर झाला. २०१५ साली पिट्सबर्गच्या संशोधकांनी वीस आफ्रिकन अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातले वीस लोक घेतले आणि दोन आठवडे त्यांची ताटे अदलाबदल केली. अमेरिकनांचा चोथा दिवसाला १४ ग्रॅमवरून ५५ ग्रॅमवर गेला आणि चरबी कमी झाली. आफ्रिकी खेडुतांचा चोथा ६६ वरून १२ वर आला आणि ताटात मांस-चरबी वाढली. अवघ्या दोन आठवड्यांत अमेरिकनांच्या पोटातले ब्युटिरेट अडीच पट झाले, आणि आफ्रिकनांचे निम्म्यावर आले. आतड्याच्या अस्तरावरील सूज तशीच उतरली आणि चढली. एकच वंश, दोन ताटे. रोग रक्तात नसून ताटात असतो, हे त्यांनी दाखवले. जन्मावरून माणसाचे सगळे ठरवणाऱ्या या देशात ही गोष्ट अधोरेखित करून ठेवावी.

वजनाचे काय? इथे आम्ही वाचकांना फसवणार नाही. चोथ्यावर झालेल्या प्रयोगांत वजन बहुधा थोडेच उतरते, काहींत उतरतच नाही. चीनमध्ये एका प्रयोगात ३७ जाड्या लोकांना रोज ४० ग्रॅम न पचणारा मक्याचा स्टार्च आठ आठवडे दिला, सरासरी २.८ किलो वजन उतरले आणि इन्सुलिनचे काम सुधारले. हा अहवाल २०२४ साली आला. पण तेव्हा बाकीचा आहारही आखून दिला होता, हे विसरू नये. चोथ्याने कंबर बांधली जाते ती अशी: एक ग्रॅम साध्या पिष्टात चार कॅलरी असतात, आंबणाऱ्या चोथ्यातून सुमारे दोनच मिळतात. तेवढेच पोट भरते, जमेला निम्मे पडते. आमच्यासारख्या खातेवहीवाल्याला हे लगेच पटते.

तर आता हिशेब. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते छापले. शंभर ग्रॅमला चोथा किती? ज्वारी सुमारे १०, बाजरी साडेअकरा, गव्हाची कणीक ११ च्या वर. हे वाचून आम्ही चमकलो. पोळीला नावे ठेवायला निघालो होतो, आणि गहू ज्वारीच्या बरोबरीने उभा! म्हणजे भांडण गहू आणि ज्वारीचे नाहीच. भांडण चाळणीचे आहे. मैद्यात चोथा तीन ग्रॅमसुद्धा नाही, आणि पांढऱ्या पॉलिश तांदळातही नाही. पाव, खारी, टोस्ट, समोशाचे आवरण, सगळा मैदा. एम.आय.डी.सी.तल्या चटईच्या कारखान्यात बारा तासांची पाळी करणारा आमचा तरुण दिवसभर खातो काय? चहा-पाव, वडापाव, पुन्हा चहा. त्याच्या पोटातल्या भट्टीला सरपणच पडत नाही. आणि घरात गहू बारीक दळून, बारीक चाळणीने चाळून, कोंडा शेजारच्या शेळीला. शेळीची तब्येत उत्तम आहे.

खरी कमाल उडदाची आहे. सालीसकट उडदात शंभर ग्रॅमला २० ग्रॅमच्या वर चोथा. साल काढून डाळ केली, की तो १२ वर येतो. आणि उडदातला बराच चोथा आंबणाऱ्या जातीचा. म्हणजे आपल्या आजीने चार पायली ज्वारीत एक पायली सालीचे उडीद मिसळून कळणा दळला, तेव्हा तिने कुठलेही पुस्तक न वाचता काम केले होते. चारास एक या प्रमाणाने कळण्याच्या शंभर ग्रॅम पिठात १२ ग्रॅमच्या वर चोथा येतो. माय तिला 'कयनानी भाकर' म्हणते. मेथीदाणेही थोडे टाकते. मेथीत चोथा जवळजवळ निम्मा, आणि त्यातला मोठा भाग पाण्यात फुगून चिकट होणारा. १९९० च्या सुमारास पोषण संस्थेत मेथीदाण्यावर प्रयोग झाले, आणि मधुमेहींची साखर त्याने उतरते असे दिसले. अशी कळण्याची भाकर, त्यावर ठेचा, कांदा, थंडीत भरताच्या वांग्याचे भरीत. शेवभाजीबद्दल मात्र आम्ही बोलत नाही. ती आम्हालाही आवडते, पण तिच्या तेलाचा तवंग पाहिला, की डॉक्टरांचा चेहरा आठवतो.

प्रौढ माणसाने दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा खावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले. आपल्या संस्थांचा सल्ला ३० ते ४० ग्रॅमचा. शंभर ग्रॅम पिठाची एक अशा कळण्याच्या दोन भाकरींत २४ ग्रॅम झाले. वर वरण, पालेभाजी, काकडी, एखादा पेरू. हिशेब जुळला. क्लबाच्या डब्याला यात जागा कुठे आहे?

जळगावला डाळ मिली आहेत. तिथे काम करणारे आपले किती बांधव आहेत! सालीचा जो ढीग निघतो ती चुनी ढोरांच्या खाद्यात जाते, आणि सोललेली चकचकीत डाळ माणसांच्या ताटात. रावेर-यावलकडे केळी. हिरव्या केळीचे पिष्ट बरेचसे न पचता मोठ्या आतड्यात जाते आणि आंबते. केळी पिवळी झाली, की त्याचीच साखर होते. म्हणून कच्च्या केळीची भाजी मधुमेही माणसाने अधूनमधून खावी, असे आमचे मत आहे. वेफर्सचे सांगत नाही, ते तळलेले.

थंड झालेल्या भाकरीतही थोडे पिष्ट असे न पचणारे होते. म्हणून काही शहाणे आता शिळ्या भाकरीचे गोडवे गातात. आम्ही गाणार नाही. शिळे-उष्टे आपल्या पूर्वजांच्या पदरात दुसऱ्यांच्या मर्जीने पडत होते. त्यात कसलेही आरोग्य शोधायचे नाही. सकाळी थापलेली भाकर दुपारच्या डब्यात थंड होतेच, तेवढे पुरे.

आता कोणी विचारेल, मग लोक भाकर खात का नाहीत? नुसत्या लाजेने नाही. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरड धान्य एक रुपया किलो असे लिहिले होते. भरड धान्य कागदावर राहिले. आमच्या वस्तीत येत गेले गहू आणि तांदूळच. जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले, माणशी पाच किलो. मोफतचा गहू घरात असताना बाजारातून त्याहून महाग ज्वारी आणायची कोणी? त्याच २०२३ ला भरडधान्य वर्ष म्हणून जगभर साजरे केले, भाषणे झाली, पोस्टर लागले. आमची मागणी साधी आहे. रेशनला ज्वारी द्या आणि सोबत सालीची एखादी डाळ द्या. कार्यकर्त्यांनी तहसीलला निवेदन देताना यावर दोन ओळी घालाव्यात.

दुसरे कारण आपल्या घरातच आहे. भाकर थापायला वेळ आणि हात लागतो. बाई सकाळी सहाला कामावर निघते, ती चार माणसांच्या भाकरी कधी थापणार? पोळ्या करून ठेवता येतात. म्हणून भाकरीचा आग्रह धरणाऱ्या पुरुषाने आधी परातीपुढे बसावे. आम्ही बसतो. आमच्या पहिल्या भाकरी पाहून माय हसली होती. आता रविवारच्या भाकरी आमच्याकडेच असतात, आणि गोल नसल्या तरी फुगतात.

शेवटी थोडे सावधपणाचे. ज्यांच्या पोटाला चोथ्याची सवय नाही त्यांनी एकदम दोन भाकरी कळण्याच्या खाऊ नयेत. उडदात काही साखरी अशा असतात, की त्या फोडणारे पाचक द्रव्य माणसात नाही. जिवाणू त्या फोडतात आणि वायू निघतो. पोट गुडगुडते, लोक हसतात, आणि माणूस दुसऱ्या दिवशी पावाकडे वळतो. आठवड्याला थोडे थोडे वाढवत जावे, पाणी भरपूर प्यावे. ज्यांना आतड्याचा जुना आजार आहे, ऑपरेशन झालेले आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावे. इसबगोलही चालते, ते फारसे आंबत नाही, पण साखर आणि कोलेस्टेरॉल थोडे उतरवते. आणि शुगरच्या गोळ्या कोणीही आपल्या मनाने सोडू नयेत. भाकर ही गोळीच्या सोबतीला आहे, गोळीच्या जागी नाही. ताईच्या गोळ्या चालूच आहेत. क्लब तिने सोडला, आणि त्या पैशातून भाच्याची क्लासची फी भरली जाते. कंबर किती उतरली ते ती सांगत नाही. शुगर मात्र मागच्या दोन तपासण्यांत डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मर्यादेत होती.

कळणा दळायचा असेल तर उडीद निवडून, पुसून, उन्हात एक दिवस वाळवावेत. गिरणीवाल्याला सांगावे, की फार बारीक नको. पीठ आठ-दहा दिवसांपुरतेच दळावे. जुन्या पिठाच्या भाकरीला थापताना चिरा पडतात. पाणी कढत घ्यावे आणि मीठ पिठातच घालावे.